पोटावरची जागा

पोट साफ करण्यासाठी हॉस्पिटलात जी पावडर दिली होती, तिची चव अजून माझ्या तोंडातून गेलेली नाही. लिंबाचा खोटा वास मारलेलं खारट पाणी. ते ग्लासामागून ग्लास घशाखाली उतरवायचं आणि संडासाकडं पळायचं. दुपारपर्यंत नुसतं पाणी पडायला लागलं, तरी आतली कळ थांबेना. त्या कोंदट जागेत स्वतःचाच वास घेत बसले होते आणि स्वतःलाच म्हणत होते, वैजयंती, उभा जन्म नाक मुरडत काढलास, आता घे पोटभर.

मला घाण खपत नाही. माझं माहेर अकलूजचं. वडील साखर कारखान्यात टाइमकीपर, राहायला कारखान्याचं क्वार्टर, पांढऱ्या फरशीचा संडास आणि दर शनिवारी फिनेल. तिथून मला दिली सांगोल्याकडच्या मेंढरंवाल्यांच्या घरात. जात एकच, पण सासरी जेवताना मेंढ्यांच्या हगवणीवर चर्चा चालायची. माझा नवरा सयाजी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला आणि आम्ही सोलापुरात आलो, म्हणून मी वाचले. नवऱ्याचं नाव असं सरळ घेतलं की सासू डोळे वटारते, पण लिहिताना काय 'हे' आणि 'ते' करत बसायचं.

सोलापुरात मी कडक भाकरीचा धंदा सुरू केला. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. पुष्कळ दिवस टिकते, प्रवासाला चालते, शेंगाचटणीबरोबर लोक आवडीनं मोडून खातात. असल्या भाकऱ्या करणाऱ्या बाया इथं गल्लोगल्ली आहेत. माझ्या भाकरीचं नाव झालं ते स्वच्छतेमुळं. माझ्या मदतीला गंगम्मा असते, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलते आणि मला अक्का म्हणते. तिनं नुसता पदर सावरला तरी मी तिला हात धुवायला पाठवते. संडासाला जाऊन आलेल्या बाईनं कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय पिठाला शिवायचं नाही, हा माझा कायदा. गिऱ्हाईक एकमेकांना सांगायचं, वैजूताईच्या भाकरीत केस शोधून दाखवा. उभ्या आयुष्यात मी कमावलं ते हे एवढंच.

तर अशा बाईला रोग व्हावा तो कुठं? काळजाला नाही, डोक्याला नाही. जिथलं नाव चारचौघांत काढता येत नाही, तिथं.

आधी रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून कुणाला बोलले नाही. बोलणार तरी काय? मेडिकलमध्ये मलम मागतानासुद्धा गावाकडच्या सासूला पाहिजे असं सांगितलं. दिवाळी गेली, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा गेली, सगळा हंगाम मी दातओठ खाऊन काढला. परकर ढिला व्हायला लागला तेव्हा बाया म्हणाल्या, बारीक झालीस गं, छान दिसतेस. मग एके दिवशी पोट फुगून आलं, वारासुद्धा सरेना, तेव्हा सयाजीनं रिक्षा आणली.

पुढचं सगळं शिसारीचं. कुणी कुठून नळी घातली, कशाकशाचे तुकडे तपासायला पाठवले, ते मी सांगणार नाही. मला फक्त वरच्या पत्र्याच्या छतावरचा एक डाग आठवतो. त्याच्याकडं बघत मी पडून होते आणि खाली कुणीतरी विचारत होतं, मावशी, दुखतंय का?

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तरुण माणूस, बोलणं सरळ. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटाला गाठ आहे, कॅन्सरची आहे, पण दुसरीकडं पसरलेली दिसत नाही, बरं होण्यासारखं आहे. सयाजीनं 'बरं होण्यासारखं' एवढंच ऐकलं आणि डोळे पुसले. मी पुढचं ऐकत होते.

"वाट जवळजवळ बंद झालीय," डॉक्टर म्हणाले. "म्हणून आधी एक छोटं ऑपरेशन करून पोटावर नवी वाट काढायची. तिथं पिशवी लागेल. मग किरणांचा शेक आणि गोळ्या, आणि त्यानंतर गाठ काढायचं मोठं ऑपरेशन."

"पिशवी कशाची?" मी विचारलं.

"शौचाची. खालून होणार नाही, पिशवीत येईल."

"किती दिस?"

"गाठ फार खाली आहे. खालचा सगळा भाग काढावा लागणार. पिशवी कायमचीच." मग म्हणाले, "या आठवड्यात ठरवा. वाट पुरती बंद झाली तर जिवावर बेतेल."

मी सयाजीकडं बघितलं. तो टेबलावरचा प्लास्टिकचा आतड्याचा नमुना बघत होता.

शेजारच्या खोलीत राजनंदिनी नावाची सिस्टर होती. तिनं ड्रॉवरमधून पिशवी काढून माझ्या हातात दिली. अंगाच्या रंगाची, मऊ, एका बाजूला चिकटपट्टी आणि तिच्यात भोक. ही पोटाला लावायची, भरत आली की खालून रिकामी करायची, नीट लावली तर वास बाहेर येत नाही. ती समजावून सांगत होती आणि मी पिशवी टेबलावर टाकून हात साडीला पुसला. पिशवी नवी कोरी होती, तरी पुसला.

"पोटावर संडास बांदून मी भाकरी थापू व्हय?" मी म्हणाले. "कोन खाईल माज्या हातचं?"

ती काही बोलणार तेवढ्यात मला उमळून आलं. कशीबशी बेसिनपर्यंत पोचले. तोंड धुतलं आणि मागं न बघता बाहेर पडले. रिक्षात सयाजीला सांगून टाकलं, मला हे करायचं न्हाय.

"डॉक्टर म्हनले लवकर ठरवा," तो म्हणाला.

"मंग त्यांच्या बायकूच्या पोटाला बांदा."

तो रस्त्याकडं बघत बसला. सयाजी तसाही बोलका नाही, आणि घाणीला तो माझ्यापेक्षा भित्रा. मशीनच्या तेलानं कोपरापर्यंत माखेल, पण घरात कुणी ओकलं तर हा दाराबाहेर. डॉक्टरांकडून आल्यापासून तो कॅन्सर हा शब्दच बोलत नव्हता, 'ते' म्हणायचा. रात्री अंथरूण थोडं लांब घालायला लागला. तुला झोप लागावी म्हणून, म्हणाला. मला माझी किळस येत होतीच. पण त्यालाही येते की काय, हे त्याच्या तोंडाकडं बघून ताडायची मला जास्त भीती वाटत होती.

मग भेटायला येणारे सुरू झाले. केळी आणि बिस्किटं घेऊन यायचे, कॉटवर माझ्या पायाशी बसायचे आणि आवाज बारीक करून विचारायचे, नेमकं कुठं? मी पोटात म्हणायचे. मग त्यांचे डोळे माझ्या पोटावरून फिरायचे. एकानं गोमूत्राची बाटली आणली. एकीनं कसला तरी पाला आणला, तो म्हणे बकरीच्या दुधात वाटून प्यायचा. एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन रडून घेतलं, आणि जाताना आमच्याच नळावर हात धुतले. सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. आणि चहा कुणालाच नको असायचा. कुणाला उपवास, कुणाला पित्त, कुणी आत्ताच पिऊन आलेलं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

अशातच गावाहून सासू आली. अंबुबाई, ऐंशीला टेकलेली, खांद्यावर घोंगडं, रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडून उतरली. घरात न येता उंबऱ्यावर बसली, मिश्री काढली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"हागायला कसं व्हतंय गं?"

"आत्याबाई, हळू बोला की."

"हळू बोलून आजार हळू व्हतोय व्हय? रगात कवापासनं पडतंय?"

सयाजीनंच सांगितलं, दिवाळीच्या आदीपासनं.

"आन् कुनालाच कळलं न्हाय?" मिश्रीचं बोट तसंच तोंडात ठेवून म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. "तू मेंढी असतीस तर दुसऱ्या दिशी कळलं असतं. आमी उठल्या उठल्या लेंड्या बगतो."

मी संतापानं आत जाऊन भांडी आपटली. संध्याकाळी तिनं उपायही काढला. विळा तापवून बेंबीच्या बाजूला डाग द्यायचा, मेंढराची पोटफुगी तशी उतरते. मी घरातला विळा कपाटात घालून कुलूप लावलं, तेव्हा कुठं ती गप्प बसली.

पिशवीचं तिला सयाजीनं सांगितलं ते जेवताना. त्या घरात असल्या गोष्टी जेवतानाच सांगतात. मला वाटलं आता तरी म्हातारी कपाळाला हात लावेल. ती भाकरी आमटीत कुस्करत राहिली.

"मंग त्यात काय? आमच्यात एक कोकरू बूड नसल्यालं जल्मलं हुतं. हागायला जागाच न्हाय. पोट हे असं टम्म. तुज्या बानं वस्तऱ्यानं भोक पाडलं, हळद भरली. जगलं की. ह्यो एवडा मेंढा झाला."

"मंग?" सयाजीनं विचारलं. त्याच्या आवाजात चक्क आशा होती.

"मंग काय, बिरुबाच्या जत्रंत कापला. लई ग्वाड लागला."

मी ताट सारून उठले. माझ्या पाठीमागं म्हातारीचं चालूच होतं, ताटात अन्न टाकून उठू नये म्हणून.

त्याच सुमाराला शेजारच्या शिवबाईनं मोठी ऑर्डर दिली. शिवबाई म्हणजे आमच्या गल्लीतलं मोठं प्रस्थ. मागच्या अंगणात म्हशी, गल्लीला दूध तिचंच, आणि कुणाच्याही सुखदुःखाला ती पहिली हजर. दारात उभी राहून म्हणाली, "भाच्याची पोरं तिरुपतीला चाललीत, गाडीत खायला पायजेत. बाजरीच्या कर, तीळ लावून. आन् तुज्याच हातच्या पायजेत बरं का."

तुझ्याच हातच्या. एवढ्या दोन शब्दांनी मी हुरळून गेले. डॉक्टर, पिशवी, सगळं बाजूला ठेवलं. गंगम्मा म्हणाली, "अक्का, मी करते, तुमी बसा की." मी तिला पीठ चाळायला लावलं आणि स्वतः परातीपुढं बसले. बसलं की पोटात पीळ पडायचा. सारखं उठून जायचं, आणि पडायचं काय, तर नुसता रक्ताळलेला चिकटा. मग कोपरापर्यंत साबण, मग पुन्हा पीठ. हातांची कातडी साबणानं सोलवटली. पण एकेक भाकरी अशी उतरली की कडेला चीर नाही. लोक माझ्या हातचं खातायत तोवर मी जिवंत आहे, पोटाला ती पिशवी लागली की हे संपलं, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. हे संपवून जगण्यापेक्षा असंच थापता थापता गेलेलं काय वाईट, असंही वाटायचं. भाकऱ्या पुड्यात बांधल्या, नेहमीसारखी वर दुहेरी गाठ मारली आणि गंगम्माबरोबर पाठवून दिल्या.

पुढं एका सकाळी दूध आणायला मी निघाले. गंगम्मा लगबगीनं म्हणाली, "मी आणते अक्का." तिची ती लगबग मला खटकली. म्हटलं, मला थोडं चालू दे, आणि शिवबाईच्या मागच्या अंगणात गेले.

म्हशीपुढं घमेलं होतं. घमेल्यात पाणी, आणि पाण्यात माझ्या भाकऱ्या. बाजरीच्या, तीळ लावलेल्या. काही अजून कडक होत्या, काहींचा चिखल झाला होता. म्हैस तोंड बुडवून चापत होती आणि तिच्या नाकातला शेंबूड त्यातच पडत होता. बाजूला पुडे पडले होते. बऱ्याच पुड्यांची गाठसुद्धा सोडलेली नव्हती, प्लास्टिक नुसतं फाडलं होतं.

गंगम्मा माझ्या मागोमाग आली होती. "चला अक्का," ती हळूच म्हणाली.

"तुला ठावं हुतं?"

"सगळेच असं करायलेत अक्का. ऑर्डर देतेत, पन खात न्हाईत. कोन गाईला घालतंय, कोन मागायला येनाऱ्याला देतंय. तुमाला वाईट वाटंल म्हनून सांगितलं न्हाई."

तेवढ्यात शिवबाई दुधाची किटली घेऊन बाहेर आली. आम्हाला बघून आधी ओशाळली आणि मग, पकडलेलं माणूस चिडतं तशी चिडली.

"तुला मदत व्हावी म्हनून घेतल्या गं. पैसं तर दिलं का न्हाय तुजं? घरात लेकरं हायत माज्या. त्या रोगाचं काय सांगावं, हाताला असला म्हंजे?"

"हाताला न्हाय, बुडाला हाय!" मी ओरडले.

गल्लीतली दारं उघडली. जे मी मेडिकलमध्ये सांगू शकले नव्हते, नवऱ्याला कित्येक महिने सांगू शकले नव्हते, ते मी भर सकाळी गल्लीत ओरडून सांगितलं. "बुडाला क्यान्सर हाय माज्या! हात चांगलं हायत!" शिवबाईची सून तोंडाला पदर लावून आत पळाली. म्हैस खातच होती.

घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. अंगभर किळस भरली होती. शिवबाईची, म्हशीच्या त्या ओल्या नाकाची, 'तुझ्याच हातच्या' ऐकून हुरळणाऱ्या माझी. खरं सांगायचं तर शिवबाईच्या जागी मी असते तर मीही त्या भाकऱ्या खाल्ल्या नसत्या. मी तर ऑर्डरसुद्धा दिली नसती. हे कळत होतं, आणि त्यामुळं राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. म्हातारीला गंगम्मानं सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं ते फक्त बाजरीचं.

दुपारभर मी एकच गोष्ट मनात उलटीपालटी करत राहिले. पिशवी लागली की लोक माझ्या हातचं खाणार नाहीत, म्हणून मी मरायला तयार झाले होते. आणि लोक तर पिशवी न लावताच खात नव्हते. मग मी मरत होते ते कुणासाठी? शिवबाईसाठी? तिच्या भाच्याच्या पोरांसाठी, जी कदाचित तिरुपतीला चाललीही नव्हती? या विचारानं मला अशी चीड आली की पोटातली कळसुद्धा काही वेळ मागं पडली.

दुसऱ्या दिवशी सयाजीला म्हटलं, रिक्षा बोलवा. तो उठलाच. "व्हय म्हनायचं का?" त्यानं विचारलं. "नुसतं बोलायला जायाचं," मी म्हणाले. तोंड अजून नाहीच म्हणत होतं. म्हातारीही घोंगडं घेऊन रिक्षात बसली, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. राजनंदिनी सिस्टरनं आत घेतलं. मागच्या वेळचं तिनं काहीच काढलं नाही. मला झोपवून पोट दाबून बघितलं. पोट टरारलं होतं.

"ठरवायचं तुम्हीच," ती म्हणाली. "पण जागा आज बघून ठेवू. घाईत ऑपरेशन करायची वेळ आली तर मिळेल तिथं वाट काढावी लागते. ती पोटाच्या घडीत आली की पिशवी चिकटत नाही. मग गळते."

गळते. नुसता शब्द ऐकून मी पदर पोटावर ओढला.

तिनं पेन काढलं आणि बेंबीच्या खाली डावीकडं ठिपका केला. मला उभं केलं, खुर्चीवर बसवलं, पुढं वाकवलं. मग विचारलं, "काम काय करता?"

"भाकऱ्या करत हुते."

"आणि ऑपरेशननंतर?"

इतके लोक येऊन गेले होते, इतकं काय काय विचारून गेले होते. रक्त किती पडतं, कुठं पडतं, डॉक्टरनं काय सांगितलं. पुढं काय करणार, हे एकानं विचारलं नव्हतं. सयाजीनं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मला रडायचं नव्हतं म्हणून मी खेकसले.

"कोन खानार हाय माज्या हातचं?"

"ते मला नाही सांगता येणार," सिस्टर म्हणाली. "मी बसायचं विचारते. खाली बसून थापता की ओट्याशी उभ्या राहून?"

"खाली."

"मग बसून दाखवा. खुर्चीवर बघून काही उपयोग नाही."

मी फरशीकडं बघितलं. हॉस्पिटलची फरशी. दिवसभरात तिच्यावरून किती चपला जात असतील आणि तिच्यावर काय काय सांडत असेल. कोपऱ्यात कापसाचा एक पिवळट बोळा पडला होता. दारात सयाजी आणि म्हातारी उभे होते. सयाजी चाचरत म्हणाला, "सिस्टर, तिला न्हाय जमायचं. तिला घान..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी साडी खोचली आणि बसले. उजवी मांडी घातली, डावा गुडघा वर घेतला. फरशी गार होती.

"परात कुठं असते?"

मी हातानं दाखवलं.

"थापा," ती म्हणाली.

मी हवेत थापायला लागले. सुरुवातीला लाज वाटत होती, हात नुसते हलत होते. मग ते आपोआप चालायला लागले, बोटं पसरली, अंग पुढं झुकलं, आणि डावी मांडी पोटाला भिडली. तिचा ठिपका घडीत गडप झाला. सिस्टर माझ्यासमोर त्याच फरशीवर उकिडवी बसली होती, तोंड माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर. आणि नेमका तेव्हाच माझा वारा सरला. जोरात. कुजका, सडका वास सगळ्या खोलीत भरला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

सिस्टरचं नाकसुद्धा हललं नाही. "बरं झालं," ती म्हणाली, "वाट अजून थोडी उघडी आहे. थांबू नका, थापत राहा." तिनं जुना ठिपका पुसला आणि वर नवा टेकवला. "इथं?"

"तितं नाडी येती परकराची."

"इथं?"

"अजून वर घ्या. तितं परातीची कड लागंल."

"फार वर नको, बरगडी येईल. इथं आत घेतलं तर?"

मी वाकून चार हात थापून बघितले. शिंप्याकडं ब्लाउजचं माप देताना बायका घासाघीस करतात, तशी आमची त्या जागेवरून चालली होती. मी ज्या गोष्टीच्या नावानं ओकले होते, तिच्यासाठी पोटावर बरी जागा मिळावी म्हणून भांडत होते. किळस तशीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त तिला कवटाळून बसायला मला आता सवड नव्हती.

"हितं बसतंय," मी म्हणाले. "हितं कायबी लागत न्हाय."

सिस्टरनं तिथं ठिपका पक्का केला. दाराकडून म्हातारीचा आवाज आला, "पीठ न्हाय, पानी न्हाय, आन् कुनाला जेवाय घालतीया ही?" बाहेरच्या बाकावरची दोन-तीन माणसं मान वाकडी करून आत बघत होती. बघू देत, म्हटलं.

मग मी सयाजीकडं बघितलं. इतके दिवस टाळत होते, ते बघितलं. त्यानं नाकाला रुमाल लावला होता. चेहरा पांढरा पडला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वासानं की कशानं कोण जाणे. त्याला माझी किळस येत होती, हे उघड दिसत होतं. पण तो दारातून हलला नव्हता.

"मंग डॉक्टरला काय सांगू?" त्यानं रुमालातूनच विचारलं.

"व्हय म्हना," मी म्हणाले. "आन् त्यो रुमाल काडा. पिशवी बदलायला तुमालाबी शिकायचंय."

सयाजीनं रुमाल काढून खिशात घातला, आत आला आणि माझ्या शेजारी फरशीवर बसला.